रजिस्टर चौदा, पान अठ्ठावन्न ते सहासष्ट

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला एक पुस्तक हवं होतं, आणि संदर्भ विभागाच्या टेबलामागे बसलेल्या माणसाला त्याचं कारण हवं होतं. त्यांनी माझी चिठ्ठी वाचली, उलटी करून मागची कोरी बाजूही वाचली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "काहून पाहिजे?"

पीएच.डी.साठी, मी म्हटलं.

"पीएच.डी. सगळेच करून राहिले. हे पुस्तक काहून पाहिजे?"

सकाळची गाडी धरून अकोल्याहून बडनेरा, तिथून ऑटोवाल्याशी घासाघीस करत विद्यापीठ, असा माझा तो शनिवार सुरू झाला होता. वर हा माणूस ठाण्यात बसल्यासारखा जबाब घेत होता. मी मुळातच संशयी. आमच्या घरात संशय वारसाहक्कानं मिळतो. दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतंच. समोर आपल्याच जातकुळीचा माणूस बसलाय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला नुसता राग आला.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तेच विचारतील, काहून लिहिलं म्हणून. पोरं त्यांना पाठीमागे 'काहूनसर' म्हणायची आणि समोर गप्प बसायची. उंच, वाळलेला देह, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली. पेन कधीच नाही, कारण पुस्तकाजवळ शाई आणायची नाही हा त्यांचा नियम. उन्हाळ्यात डोक्याला बांधलेला पांढरा दुपट्टा ते पंख्याखाली बसूनही सोडत नसत. पाण्याची बाटली टेबलाच्या खणात, आणि खणाला कुलूप. पाणी कोण चोरणार, असं मी एकदा विचारलं. चोरीचं भेव नाही, बदलाचं आहे, असं उत्तर मिळालं. अमरावतीतल्या एका ग्रंथालयात एका माणसाचं पाणी कोण आणि कशासाठी बदलणार, हे मला आजवर कळलेलं नाही.

पुस्तक परत आलं की ते कानाजवळ धरून अंगठ्यानं सगळी पानं फर्रकन सोडायचे. पान फाडलेलं असलं तर आवाजात खड्डा पडतो म्हणे. मग नकाशे उजेडात धरून पाहायचे, आणि शेवटी पुस्तकाचा वास घ्यायचे. तंबाखू, हळद आणि शाम्पू हे तीन वास त्यांच्या काळ्या यादीत होते. शाम्पूवाले उशीवर ठेवून झोपतात, वाचत नाहीत, असं त्यांचं मत होतं.

सगळ्यांत वाईट म्हणजे दोरा. पुस्तक देताना ते त्यात गुपचूप सुताचा एक बारीक दोरा ठेवत, तुम्ही जे प्रकरण मागितलं असेल नेमक्या त्याच पानात. परत आलेल्या पुस्तकात दोरा जागच्या जागी सापडला की ते काही बोलत नसत. पुढच्या वेळी तो माणूस आला की म्हणत, आधी मागचं वाचून या. मी हे प्रकरण फार लवकर ओळखलं आणि एकदा न वाचताच दोरा काढून, नीट गुंडाळून, त्याच पानात परत ठेवला. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, दोरा वाचला तुम्ही, पान राहिलं.

कम्प्युटरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पुस्तक उपलब्ध आहे असं पडद्यावर दिसत असलं तरी ते स्वतः उठून फडताळापर्यंत जात, पुस्तकाला हात लावून येत आणि मगच 'आहे' म्हणत. "कम्प्युटर म्हणते आहे. कम्प्युटर उठून पाहाले गेला होता काय?" असं वर विचारत.

चहा ते कुणाचाही घेत नसत. मी पाटवडीचा डबा नेला तेव्हा त्यांनी तो लांबूनच पाहिला, वास चांगला येत असल्याचं कबूल केलं आणि झाकण लावायला सांगितलं. खाल्ल्यावर तुम्हाला नाही म्हणता येणार नाही, म्हणाले. एका विभागप्रमुखांनी तर शिपायाकडून निरोप धाडला होता की त्यांच्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध तयार आहे, फक्त शंभरेक संदर्भांची यादी मागे जोडायची आहे, तेवढी करून द्या. सरांनी त्याच शिपायाच्या हाती उलटा निरोप दिला की प्रबंधातला प्रश्न काय आहे तो लिहून, सहीनिशी पाठवावा. प्रश्न आला नाही. यादी गेली नाही. त्या विभागप्रमुखांची वरपर्यंत ऊठबस होती आणि त्यांनी ही गोष्ट मनात धरून ठेवली, एवढं मात्र सगळ्या ग्रंथालयाला माहीत होतं.

तर त्या पहिल्या शनिवारी त्यांनी माझी चिठ्ठी बाजूला सारली. पुस्तकाचं नाव सांगू नका, म्हणाले, प्रश्न सांगा. पुस्तक मी पाहतो. आणि कपाटातून एक लांब, लाल पाठीचं रजिस्टर काढलं. त्यांची काम करायची ही रीतच होती. कोण आलं, कोणतं पुस्तक नेलं हे लिहायला देवघेवीचा काउंटर होता. हे लिहीत ते फक्त प्रश्न. तुमच्या तोंडचा प्रश्न, तुमच्याच शब्दांत, तारखेसकट, आणि खाली तुमची सही. ही रजिस्टरं त्यांनी स्वतः बाजारातून आणलेली होती, विद्यापीठाच्या दप्तरात त्यांची नोंद नव्हती. कपाटाची किल्ली जानव्यासारखी गळ्यात.

माझा प्रश्न असा होता. अकोल्यात कापसातली सरकी काढायचे कारखाने होते, आमच्याकडे त्यांना नुसतं 'जिन' म्हणतात. तिथं शेकडो बाया कामाला असत. त्यांत माझी आई होती. तर त्या बाया आपली तान्ही लेकरं कुठं ठेवत? जिनवर लिहिलेलं बरंच सापडत होतं. गाठी किती बांधल्या, यंत्रं कुठून आणली, मालक कोण, सगळं होतं. लेकरं कुठंच नव्हती. म्हणजे मीच कुठं नव्हते. आईला विचारलं तर ती म्हणाली, "कुठं ठेवाची म्हंजे? कापसाच्या ढिगावर. धूळ नाकात जाऊ नये म्हून तोंडावर पदराचा तुकडा टाकाचा आन घडीघडी पाहाचं, हालते का नाही ते."

हे मी सरांना सांगितलं, कारण 'काहून'ला उत्तर दिल्याशिवाय सुटका नव्हती. ऐकताना त्यांनी चष्मा काढून ठेवला होता. मग पेन्सिलीनं प्रश्न लिहिला, रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. मी सही केली. चौदावं रजिस्टर, पान बासष्ट.

घरी आल्यावर हे आईला सांगितलं आणि तिचा चेहरा उतरला. जिन बंद पडायच्या आधी मुनीम बायांकडे कोरे कागद घेऊन आला होता. हजेरीचं आहे, म्हणाला. बायांनी अंगठे दिले. पुढे त्याच कागदांवर असं निघालं की सगळ्यांनी राजीखुशीनं काम सोडलं. आईचा अंगठा त्यात होता. तेव्हापासून आमच्या घरात रेशनच्या कागदावर सही करायची तरी तो तीनदा वाचला जातो. "जो मानूस तुह्यं बोलनं लिहून घेते आन वरून सही मागते," आई म्हणाली, "त्याच्यापाशी कामापुरतंच राह्य." पुढच्या खेपेला मी हीही गोष्ट सरांना सांगितली, जरा टोमणा म्हणूनच. ते म्हणाले, बरोबर बोलते तुमची माय. त्यानं माझा संशय आणखीच वाढला. बरोबर बोलते म्हणणारा माणूस काय लपवतो आहे, हे बघायला नको?

तरीही एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. तिसऱ्या का चौथ्या शनिवारी त्यांनी मला एका जुन्या कारखाना पाहणीच्या अहवालातली दीड ओळ दाखवली. कुठल्याशा धुळकट गठ्ठ्यातून, कुठल्याच यादीत नसलेली. पाहणीला आलेल्या साहेबानं जाण्यायेण्याच्या वाटेत ठेवलेल्या लेकरांच्या टोपल्या हलवायला सांगितलं होतं. बस, तेवढंच. त्या दीड ओळीवर मी वाचनालयात सगळ्यांसमोर रडले. सर तिथून उठून गेले आणि बराच वेळ एका फडताळाशी पाठमोरे उभे राहिले. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले की पान नंबर लिहून घ्या, पान नंबर नसला तर ती गावगप्पा.

हे वाक्य मी त्यांच्याकडून निदान पन्नासदा ऐकलं असेल. दुसरं वाक्य होतं, एकच वही पाहून बोलायचं नाही. आणि तिसरं, ज्यानं माझी झोप उडवली, ते होतं, बाइंडिंगले गेलं.

झालं असं की अकोल्याचं म्हणून जे काही मी मागितलं ते मिळत गेलं. कधी आठवड्यानं, कधी महिन्यानं, पण मिळायचं. अमरावतीच्या जिनांचं मात्र काहीही मागितलं की ते पुस्तक, तो अहवाल, ती फाईल बाइंडिंगला गेलेली असायची. पहिल्यांदा मी विश्वास ठेवला. दुसऱ्यांदा वाईट वाटून घेतलं. चौथ्यांदा मी स्वतः जिना उतरून तळघरातल्या बाइंडिंगच्या खोलीत गेले. तिथल्या काकांनी हातातला ब्रश खाली ठेवून सांगितलं की वरून दोन वर्षांत एक फाईल खाली आली असेल तर शपथ. म्हणजे सर सरळ खोटं बोलत होते. मी वर येऊन त्यांना तोंडावर विचारलं. त्यांनी डोळेसुद्धा वर केले नाहीत. "तुमी अकोल्यातच राहा म्याडम. तिथं गंज आहे," म्हणाले, म्हणजे भरपूर आहे.

लपवतात, हे आता नक्की झालं. कुणासाठी, एवढंच कळायचं होतं.

तेही कळलं. समाजशास्त्र विभागाबाहेरच्या फलकावर एका चर्चेची सूचना लागली होती. परतवाड्याची कुणी संशोधक विद्यार्थिनी आपल्या प्रबंधाची मांडणी करणार होती. विषय: जिनिंग कारखान्यांतील स्त्री कामगार आणि त्यांची तान्ही मुले. मी ती ओळ उभ्याउभ्या इतक्यांदा वाचली की शेवटी शिपाई विचारायला आला, काही पाहिजे का.

माझा विभाग इतिहासाचा, तिचा समाजशास्त्राचा. दोन्ही विभागांचा एकमेकांशी बोलायचा रिवाज नाही. माझ्या मार्गदर्शकांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. तिचा प्रबंध आधी गेला आणि दोन्हींत सारखेपणा दिसला तर माझ्या चार वर्षांवर पाणी, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मी तेव्हा एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर शिकवत होते; दर जूनमध्ये मला घेणार की नाही हे नव्यानं ठरायचं. ती पदवी मिळाली तर कायमची जागा मिळायची आशा होती. मुख्य म्हणजे प्रश्न माझा होता. माझ्या आईच्या पदराखालचा. तो जगात मी एकाच माणसाला सांगितला होता, आणि त्या माणसानं तो लिहून, सही घेऊन, कुलपात ठेवला होता.

मी तक्रार केली. निनावी. नाव घालायची हिंमत नव्हती, ग्रंथालयाशी वैर घेऊन पीएच.डी. होत नाही. अक्षर ओळखू नये म्हणून अकोल्यात एका कम्प्युटर सेंटरवर टाईप करून घेतली आणि घरापासून लांबच्या पेटीत टाकली. संदर्भ विभागातले कर्मचारी संशोधकांचे प्रश्न खाजगी रजिस्टरांत उतरवून घेतात, ते इतरांना पुरवतात आणि साहित्य दडवून ठेवतात, असं त्यात होतं. आणि आरोप गावगप्पा वाटू नये म्हणून शेवटी लिहिलं: पाहा, रजिस्टर १४, पृ. ५८ ते ६६. माझं पान बासष्ट. पण मागचीपुढची पानं घालून मी स्वतःला गर्दीत लपवलं होतं. आपल्या या हुशारीवर मी घरी येताना खूश होते, हे आज लिहितानाही लाज वाटते.

एरवी निनावी अर्ज टोपलीत जातात. हा गेला नाही, कारण ज्यांची यादी राहिली होती ते विभागप्रमुख अशा कागदाची वाटच बघत होते. पंधरा दिवसांत चौकशीला एक अधिकारी आले. शनिवार होता आणि मी वाचनालयात खांबाआड बसले होते. अधिकाऱ्यांनी रजिस्टरं मागितली. सर उभे राहिले, गळ्यातली किल्ली शर्टाच्या आत सारली आणि म्हणाले, "प्रश्न ज्याचा त्याले दाखवतो. दुसऱ्याले नाही."

अधिकाऱ्यांनी आवाज चढवला. असं काय आहे त्या रजिस्टरांत, की लपवावं लागतं?

"लोकायचं अज्ञान आहे सायेब," सर म्हणाले. "मानूस प्रश्न विचारते म्हणजे मले काय येत नाही, ते सांगते. मी ते भरोशानं लिहून घेतलं. चावडीवर वाचाले नाही."

मी पुस्तकात डोकं घातलं होतं आणि एक ओळ दिसत नव्हती. तेव्हाही मला वाटलं, काय नाटक करतो हा माणूस. ज्याचे हात स्वच्छ आहेत तो रजिस्टर उघडून मोकळा होईल. न उघडणं हाच पुरावा. देवघेवीच्या काउंटरवरच्या ताई मात्र डोळे पुसत होत्या. सरांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते, म्हणाल्या.

ते आठ महिने त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत काढले. संदर्भ विभागाचं टेबल हलवलं गेलं आणि तिथे एक कम्प्युटर आला, त्यावर ज्यानं त्यानं आपलं शोधायचं. पोरं खूश झाली. आता तर ती मोबाईललाच विचारतात आणि तो पुस्तकांची नावंसुद्धा देतो, त्यातली काही कुठल्याच फडताळावर सापडत नाहीत. सर असते तर म्हणाले असते, हात लावून आला होता काय? पण काहून पाहिजे हे विचारणारं तिथे कुणी उरलं नाही. मलाही त्याची उणीव पहिल्याच महिन्यात भासू लागली, आणि मी ती कुणाला सांगितली नाही.

ते निवृत्त झाले आणि त्यानंतर माझ्या पत्त्यावर एक पाकीट आलं. आत पत्र नाही, काही नाही. कात्रीनं सरळ कापलेली कागदाची एक पट्टी. तीवर पेन्सिलीनं लिहिलेला माझा प्रश्न, तारीख, माझी सही, आणि कोपऱ्यात १४/६२. म्हणजे कळलं आहे यांना. ही धमकी आहे. तोंडी परीक्षेला दोन महिने होते आणि मी रोज वाट पाहत होते की आता कुलगुरूंकडे पत्र जाईल, आता फोन येईल. पट्टी मी कपाटात आईच्या बारदानी पिशवीखाली दडवली. फोन आला नाही. माझा प्रबंध 'अकोल्यातील' एवढा एक शब्द शीर्षकात वाढवून मंजूर झाला, आणि पुढच्या वर्षी मला जागाही मिळाली. आभाराच्या पानावर मी 'ग्रंथालयातील सर्व कर्मचारी' असं लिहिलं. त्यांचं नाव घातलं नाही.

परतवाड्याची ती बाई मला गेल्या हिवाळ्यात भेटली, अकोल्यातल्याच एका चर्चासत्रात. जेवणाच्या रांगेत तिनं माझ्या छातीवरचं नाव वाचलं आणि म्हणाली, तुम्हीच का त्या? मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. पण तिच्याही बाह्या सरसावलेल्याच होत्या. तिची आजी अमरावतीच्या जिनात होती. प्रश्न तिच्या आजीचा होता आणि तो मी कुठून उचलला, हे तिला इतकी वर्षं विचारायचं होतं.

"सरांनी मले अकोल्याचं कधी काही देल्लंच नाही," ती म्हणाली. "जे मागतलं ते बाइंडिंगले गेलेलं राहे. मी म्हटलं, कोनासाठी दाबून ठेवून राहिले हे?"

मी ताट खाली ठेवलं. पट्टी आली होती का, असं विचारलं. तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यातून काढून दाखवली, तिला ती आशीर्वाद वाटली होती. तोच प्रश्न, जवळपास त्याच शब्दांत. तारीख माझ्या दोन वर्षं आधीची. कोपऱ्यात १२/३१.

वरणाच्या पातेल्याशेजारी उभं राहून मला सगळं एकदम दिसलं. बारावं रजिस्टर लिहिताना त्यांनी एक प्रश्न ऐकला. चौदावं लिहिताना तोच प्रश्न दुसरीच्या तोंडून ऐकला. एकीचं दुसरीला सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. आणि दोघी एकाच वाटेवर आदळू नयेत ही काळजी. म्हणून एकीला अमरावतीत ठेवलं, दुसरीला अकोल्यात, आणि मधे ते खोटं बोलत उभे राहिले. निवृत्तीच्या वेळी त्यांनी, पान फाटल्याचा आवाज ओळखणाऱ्या माणसानं, स्वतःची सगळी रजिस्टरं कात्रीनं कापली आणि ज्याचा प्रश्न त्याला पोस्टानं परत केला. तिला मी तक्रारीचं काही सांगितलं नाही. आधी दुसऱ्या एकाला सांगायचं होतं.

ते वलगावला राहतात, एवढं काउंटरवरच्या ताईंकडून कळलं. फाटकाला दोन कुलपं, त्यावरूनच घर ओळखलं. ओसरीवर तुरी वाळत घातलेल्या, आणि तेच, दुपट्टा बांधलेले, तुरीतले खडे निवडत बसलेले. उठून फाटकापर्यंत आले, पण कुलूप उघडलं नाही.

"काहून आल्या?"

वाटेत मी बरंच जुळवून आणलं होतं. ते सगळं मी विसरले. तो अर्ज मी केला होता, एवढंच मी म्हणाले.

"माहीत आहे," ते म्हणाले आणि मग कुलूप उघडलं. "निनावी अर्ज नोकरीत गंज पाह्यले. पान नंबर टाकलेला एकच."

मी खालीच तुरींजवळ बसले. रडले नाही, कारण रडायचा हक्क आपल्याला नाही असं वाटलं. ते आत गेले. बराच वेळ ट्रंक उघडल्याचा, झाकल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा हातात घडी केलेला कागद होता. खुलासा मागताना त्यांना अर्जाची जी प्रत मिळाली होती, ती. हेही तुमचंच आहे, म्हणाले, पोस्टानं पाठवलं नाही, घरी दुसऱ्या कोणी उघडलं असतं.

कागद उलगडला. माझा टाईप केलेला मजकूर होता तसाच होता. फक्त शेवटच्या ओळीखाली, रजिस्टर १४, पृ. ५८ ते ६६ याच्या खाली, समासात बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: तसेच पाहा, रजिस्टर १२, पृ. ३१.

ही एक ओळ त्यांनी त्या दिवशी अधिकाऱ्यांना दाखवली असती तर ते तिथल्या तिथे सुटले असते. माझा प्रश्न त्यांनी कुणाला पुरवला नव्हता, कारण तो माझ्या आधीच दुसरीनं विचारलेला होता. आणि मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या असत्या. दोन वर्षं उशिरा आलेली, दर शनिवारी त्या कपाटासमोर बसणारी. चोर मी ठरले असते. मी त्यांना विचारलं, का नाही दाखवलीत?

ते तुरीतला एक खडा उजेडात धरून बघत होते. "चोरी झालीच नव्हती," म्हणाले. "मंग कोनाले तरी चोर करून काय करतं? एकीची माय जिनात होती, एकीची आजी, म्हणून प्रश्न एक आला. त्याले रजिस्टर काय करन?"

मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण त्यांनी आधीच पाय मागे घेतले. मग आतून एक कोरा ताव आणला आणि माझ्यासमोर ठेवला. अर्जाची प्रत परत मिळाल्याची पोच हवी होती त्यांना. मी पेन काढलं आणि त्या कोऱ्या तावाच्या तळाशी सही केली. वर काय लिहायचं ते त्यांनी लिहावं, मला वाचायचंही नव्हतं. माझ्या आयुष्यात मी कोऱ्या कागदावर केलेली ती पहिली सही.

त्यांनी ताव उचलला, उलटा करून मागची बाजू पाहिली, आणि टरकन फाडला. नवा ताव पुढे ठेवला, आणि खिशातली एक पेन्सिल.

"मायचा अंगठा विसरल्या काय म्याडम?" ते म्हणाले. "आधी वर लिहा, काय भेटलं, कधी भेटलं. मंग सही."

मी सगळं लिहिलं, तारखेसकट. त्यांनी ते दोनदा वाचलं.